भावोजींचं बंदरातलं खातं आणि देवीचा कौल

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्व चौकसांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, समुद्रापलीकडे दडवलेला पैसा हुडकून काढण्यासाठी जगातल्या अनेक राष्ट्रांनी एकमेकांशी करार करून जी अवाढव्य मोहीम उघडली आहे, ती भाट्याच्या पुलावरून खाडी ओलांडून आमच्या भावोजींच्या पडवीपर्यंत येऊन पोहोचली. भावोजी त्या वेळी आंघोळ करून टाळूला खोबरेल चोळत होते. राष्ट्रांना याची कल्पना नसावी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून गेला. चार देशांच्या खलाशांना त्यांनी एकच डाळ चार वेगवेगळ्या नावांनी खाऊ घातली आणि चौघांकडूनही वाहवा मिळवली. निवृत्त होऊन गावी आले ते आंब्याची कलमं, दोन म्हशी आणि देवळाची कमिटी यांत रमले. माणूस सरळ. इतका सरळ, की कमिटीत नारळ मोजायचे काम त्यांच्याकडे असतं आणि कोणी पुन्हा मोजत नाही.

तर तेल चोळता चोळता फोन वाजला. मेसेज आयकर खात्याचा. मजकूर असा, की आपले परदेशात खाते असल्याची माहिती खात्याकडे आली आहे. आपल्या विवरणपत्रात त्याचा उल्लेख दिसत नाही. तरी कृपया डिसेंबरअखेर सुधारित विवरणपत्र भरावे.

भावोजींनी मेसेज दोनदा वाचला, तेलकट बोटाने पुसला आणि मला फोन लावला.

"मेव्हणेबुवा, हे फसवणूकवाले आता सरकारचं नाव घ्यायला लागले. मी दिला ठेवून त्याला."

"काय केलंत?"

"ब्लॉक केला!"

अशा रीतीने आमच्या भावोजींनी भारत सरकारला ब्लॉक केलं. आणि मी त्यांना शाबासकी दिली, कारण वीजबिलाच्या नावाने, कुरिअरच्या नावाने, पोलिसांच्या नावाने येणाऱ्या फोनांनी आमच्या अर्ध्या गावाला घाम फोडला होता. शिवाय मला वाटलं, कुठलं परदेशातलं खातं आणि कुठले भावोजी! जहाज सोडून घरी आले त्या दिवशी ताईने सगळ्या माहेराला जेवायला बोलावलं होतं. तेव्हा भर पंगतीत, हातातली सोलकढीची वाटी उंच धरून, भावोजींनी जाहीर केलं होतं, "समुद्रापलीकडे आता माझं काही म्हणता काही उरलेलं नाही!" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला चांगलं आठवतं, कारण टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.

आता माझ्याविषयी. माझा ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा धंदा आहे. लग्न, बारसं, प्रचारसभा, आरोग्य शिबिर, काहीही असो. आणि स्पीकर माझे म्हटल्यावर माईकही आपोआप माझ्याच हातात राहतो. सूत्रसंचालनाचे मी वेगळे पैसे घेत नाही. लोक म्हणतात घेतले असते तर बरं झालं असतं, थोडक्यात आटपलं असतं.

मेसेजनंतर काही दिवसांनी शहरातल्या एका सभागृहाचं काम आलं. आयकर खात्याचा जनजागृती कार्यक्रम. विषय, परदेशातील मालमत्ता आणि करदात्यांची जबाबदारी. श्रोते कोण, तर आंबा आणि मासळी परदेशी पाठवणारे व्यापारी, हिशेबनीस, आणि निवृत्त खलाशी. आमच्याकडे निवृत्त खलाशी कुठल्याही कार्यक्रमाला येतात, चहा असेल तर. भावोजीही आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

अधिकारी बाहेरगावचे, तरुण, आवाजाने मऊ. मी त्यांची ओळख अशी करून दिली, की जणू ते नुकतेच एखाद्या गुप्त बेटावरून पोहत आले आहेत. त्यांनी घाबरून पाणी प्यायलं आणि पडद्यावर पहिलं चित्र लावलं. पांढरी वाळू, निळं पाणी, वाकलेले माड.

"करबुडव्यांचा पैसा लपतो तो अशा ठिकाणी," ते म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. मागून एक म्हातारा खलाशी उठला. "साहेब, हा तर आमचा भाट्याचा किनारा!"

"नाही, नाही, हे फार लांबचं बेट आहे."

"मग आमच्याकडे का नाही कोण पैसे लपवत? माड तर आमचे जास्ती आहेत."

"अरे, इथे काय लपतंय?" दुसरा म्हणाला. "तुझ्या घरी सोलकढीत मीठ जास्त पडलं तर माझ्या घरी आधी कळतं."

साहेब मनापासून हसले, आणि तिथून त्यांचं भाषण सैल, माणसासारखं झालं. त्यांनी सांगितलं, पूर्वी असा तपास म्हणजे एका देशाने दुसऱ्याला पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट बघत निवृत्त व्हायचं. आता तसं राहिलेलं नाही. कोणत्या देशात आपल्या कुणाचं खातं आहे, याची माहिती दरवर्षी देश एकमेकांना आपणहून पाठवतात. कंपनीच्या पोटात दुसरी कंपनी, तिच्या पोटात तिसरी, आणि सगळ्यात आतल्या कंपनीचा मालक म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव, अशा गाठी सोडवायला वेळ लागतो, पण सुटतात.

मासळीच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, "साहेब, मोठे मासे गावतात की नुसती मांदेलीच?"

प्रश्न तिखट होता. मी माईक साहेबांच्या आणखी जवळ नेला. साहेबांनी पडद्यावरचं बेट बंद केलं. मग म्हणाले, "मोठे जाळं फाडायला बघतात, वकील आणतात. त्यांचा खटला वर्षानुवर्षे चालतो. छोट्यांना बऱ्याचदा आपलं चुकलंय हेच ठाऊक नसतं. म्हणून त्यांना आम्ही आधी नुसता मेसेज करतो. आपणहून सांगा, दुरुस्त करा, विषय संपला. नाही सांगितलं, तर मात्र काळ्या पैशाच्या कायद्यातला दंड भारी आहे. आणि मेसेज खरा आहे का, याची शंका असेल तर खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात जाऊन बघा. तोच निरोप तिथेही असतो."

मला टाळ्या घ्यायच्या होत्या. सवयीने मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. भावोजींच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात विरघळून गेला होता आणि ते रिकाम्या बोटांनी चहा ढवळत होते.

कार्यक्रम संपला. साहेब गणपतीपुळ्याला दर्शनाला निघाले आणि भावोजी माझ्या टेम्पोत, दोन स्पीकरांच्या मध्ये येऊन बसले.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"खातं."

मी टेम्पोचं दार ओढून घेतलं. अशा वेळी दार ओढून घ्यावं लागतं, नाहीतर प्रसंगाला वजन येत नाही.

हकिकत अशी. शेवटच्या कंपनीने सगळ्या खलाशांची पगाराची खाती एका परदेशी बंदरातल्या बँकेत उघडली होती. भावोजींनी निघताना सगळं काढून आणलं, आणि पंगतीत जे जाहीर केलं ते त्या दिवशी शंभर टक्के खरं होतं. पण पुढे कंपनीने निवृत्तीचा हिशेब केला आणि निघालेली रक्कम त्याच खात्यात भरली. भावोजींना फोनवर बँकेचा निरोप आला तेव्हा सोलकढीची वाटी उंच धरून केलेली घोषणा सगळ्या माहेराच्या स्मरणात ताजी होती. आता बायकोला काय सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत ते पैसे तिथेच राहिले. त्यांनी एक छदामही काढला नाही की भरला नाही.

"मग आजच सांगून टाका ताईला," मी म्हणालो.

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना वादळात शिडाच्या काठीवर चढायला सांगितलं होतं. "मेव्हणेबुवा, तुम्हाला ठाऊक आहे गावात खलाशाबद्दल काय म्हणतात."

ठाऊक होतं. खलाशाचं एक घर गावात आणि एक बंदरात. विहिरीवर, लग्नात, हळदीकुंकवात, ताईला ही चेष्टा तिच्या तरुणपणापासून ऐकावी लागली होती. ती हसून घालवायची. पण भावोजी म्हणाले, प्रत्येक सुट्टीला घरी आल्यावर ती त्यांची बॅग स्वतः उपसायची, शर्ट धुण्याआधी नाकाशी धरायची, आणि कधीही काही विचारायची नाही. "तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बाई, मी भटारखान्यातून बाहेर कधी पडायचो? पण तिने विचारलंच नाही. आता ऐकेल, की बंदरात याचं काहीतरी आहे आणि ते लपवलेलं आहे. पुढचं ती बोलणार नाही. मनात ठेवील. मरेपर्यंत."

म्हणजे पेच हा असा. डिसेंबरअखेरपर्यंत सरकारला सांगितलं नाही, तर दंड. सांगावं तर बँकेचा उतारा हवा. बँक तो टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवणार. आणि आमच्या गावातलं प्रत्येक टपाल आधी ताईच्या हातात पडतं, कारण पोस्टमन चहा तिच्याकडे घेतो.

आम्ही शहरात हिशेबनीस बाईंकडे गेलो. त्या चटपटीत. म्हणाल्या, "काका, जहाजावर होतात तोवर तुम्ही अनिवासी, इथे सांगायची गरज नव्हती. घरी येऊन राहिलात की निवासी. मग बाहेरचं जे असेल ते सगळं सांगावं लागतं. साधी गोष्ट आहे. उतारा आणा, सुधारित विवरणपत्र भरू, व्याजावर जो काय कर निघेल तो भरा, मोकळे व्हा."

"आणि घरच्यांसाठी असं सुधारित काही भरता येतं?" भावोजींनी विचारलं.

बाईंना वाटलं काका विनोद करतायत.

इकडे ताई गप्प बसणारी नव्हती. एके सकाळी तिने मला मिरकरवाड्याला बोलावलं. मासे घ्यायला मला बोलावते म्हणजे मासे हे निमित्त. ट्रॉलरवरून टोपल्या उतरत होत्या, लिलाव चालू होता, बर्फाच्या पाण्यात आमचे पाय भिजत होते. ताईने एक सुरमई उचलली, तिचे कल्ले उघडून बघितले आणि तशीच, कल्ले उघडे धरून, माझ्याकडे वळली.

"हे फोन घेऊन गोठ्यामागे जातात. कुणाशी बोलतात?"

"माझ्याशी."

"तुझ्याशी बोलायला गोठ्यामागे कशाला जायला हवं? तुझा आवाज तर गोठ्यातूनच ओसरीत येतो."

"म्हशींची तब्येत विचारतो गं मी."

मासेवाली ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, दर्यावरचा पुरुष हाय तो. पिकला तरी खारटच ऱ्हाणार."

ताईने सुरमई खाली ठेवली, दुसरी उचलली. मग ती हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय असेल ते असू दे. मला फक्त कळायला हवं. सगळा जन्म मी ते असेल असं धरूनच चालल्ये."

मी त्या वेळी पहिल्यांदाच काही बोललो नाही. मासेवालीने याची नोंद घेतली असावी, कारण तिने भाव कमी केला.

मी भावोजींना सांगितलं, की आता उशीर नको. भावोजी म्हणाले, ठरत नाही. आणि आमच्या गावात ज्या गोष्टी माणसांकडून ठरत नाहीत, त्या देवीकडे नेतात. कुणाची सोयरीक, कुणाची विहीर, कुणाचा मुंबईचा भाचा परत बोलवायचा की नाही, सगळ्याचा निकाल कौलाने. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तर भावोजींनी ठरवलं, की सरकारला खातं जाहीर करायचं की नाही, याचा कौल घ्यायचा. आंतरराष्ट्रीय करार करणाऱ्या मंडळींना ही पायरी सुचली नव्हती.

कौलाचा नेहमीचा वार टाळून, सकाळच्या पहिल्या उन्हात आम्ही दोघेच देवळात गेलो. हेतू हा, की कोणी नसावं. पण भावोजी एक गोष्ट विसरले. मीही विसरलो, आणि मला तर विसरायचं कारणच नव्हतं. कौलाआधी गाऱ्हाणं घालावं लागतं. देवीसमोर उभं राहून, मोठ्याने, काय झालं, का आलो, काय हवं ते सांगायचं. आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं देवीला पोहोचत नाही.

गुरव म्हणाला, "व्हय म्हणायला माणसं कुठं हायत?"

"आम्ही दोघं आहोत की," भावोजी म्हणाले.

"एक सांगणार, एक व्हय म्हणणार? ती काय फोनवरची गोष्ट हाय?" असं म्हणून त्याने पायरीवर उभं राहून हाळी दिली. आमच्या गावात देवळातून हाळी आली की माणसं चुलीवरचं दूध उतरवून येतात. कमिटीचे दोन म्हातारे आले, खाडीवरून कालवांचे शिंपले घेऊन परतणाऱ्या बायका टोपल्यांसकट आल्या. आणि सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, ताई. ती बहुधा घरापासूनच आमच्या मागावर होती.

भावोजींनी हात जोडले. "हे आई, माझ्या मनात एक गोष्ट हाय..."

"कंची?" गुरवाने अडवलं. "मनातली गोष्ट म्हणून नाय चालत. आईला नीट पत्ता लागाय पायजे. आडपडदा नको."

भावोजींनी मागे वळून बघितलं आणि त्यांची नजर ताईच्या नजरेला भिडली. मी दोघांनाही बघत होतो. ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठ्या ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाचा असतो तसा, तयार असलेला चेहरा होता. भावोजी पुढे वळले आणि त्यांनी माझ्या दंडाला धरून मला देवीसमोर उभं केलं.

"तुम्हीच सांगा, मेव्हणेबुवा. सगळं सांगा."

इथे मी जरा थांबतो आणि पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मधे बोलावं लागणार नाही. बँकेचा उतारा वेळेत आला. पोस्टमनने तो ताईकडेच दिला आणि ताईने तो स्वतः हिशेबनीस बाईंकडे पोहोचवला, सोबत डबाभर तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, देऊन. सुधारित विवरणपत्र डिसेंबर संपायच्या आत गेलं. कर निघाला तो भावोजींनी भरला, आणि तो भरताना त्यांना इतकं हलकं वाटलं, की जास्त घेता का म्हणून त्यांनी बाईंना विचारलं. उरलेले पैसे मायदेशी आणले. भारत सरकारला त्यांनी अनब्लॉक केलं. फोन आता ओसरीतच वाजतो, आणि गोठ्यामागे कोणी गेलंच तर ते शेण काढायला जातं.

आता पुन्हा देवळात.

मी खाकरलो. माईक नव्हता, पण असा श्रोतृवर्ग मला पुन्हा कुठे मिळणार होता?

"हे आई जगदंबे! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या मालकिणी!"

"व्हय महाराजा!"

"तुझा हा लेक सात समुद्र फिरला, खलाशांना रांधून घातलं, धडधाकट घरी आला, ती तुझी कृपा!"

"व्हय महाराजा!"

"पण आई, एक गोष्ट पलीकडे राहिली!"

इथे मी थांबलो. थांबायला हवंच होतं. टोपल्यांतून पाणी ठिबकण्याचा आवाज येत होता. ताईने खांब घट्ट धरला.

"बंदरातल्या एका बँकेत ह्याचं खातं राहिलं, गे आई!"

कमिटीचे म्हातारे व्हय म्हणायचं विसरले. गुरवाने त्यांना ढोसलं. "व्हय महाराजा!"

"कंपनीने निवृत्तीचे पैसे त्यात घातले, ह्याला मागाहून कळलं! भर पंगतीत काही उरलं नाही म्हणून बोलून बसला होता, म्हणून घरच्या लक्ष्मीला सांगायला जीभ रेटली नाही! त्यातली एक कवडी ह्याने खाल्ली नाही, कुणाला दिली नाही! त्या बंदरात ह्याचं त्या खात्यापलीकडे काही नव्हतं, काही नाही!"

"व्हय महाराजा!"

"सात समुद्रापलीकडच्या सरकारने आपल्या सरकारला कळवलं, आपल्या सरकारने ह्याला कळवलं, आता हा तुझ्या पायाशी आलाय! सगळं उघड करायला तुझी परवानगी असेल तर उजवा कौल दे! आणि ह्याच्या घरात जी काय इडापीडा, जो काय संशय, जी काय मनातली अढी असेल, ती दर्यात बुडव गे आई!"

"व्हय महाराजा!" या वेळी बायकांचा आवाज पुरुषांपेक्षा मोठा होता.

गुरवाने पाकळ्या लावल्या. सगळे पाषाणाकडे बघत होते, एकटे भावोजी सोडून. ते डोळे मिटून उभे होते, जहाजावरून नुकत्याच उतरलेल्या माणसासारखे थोडे डुलत. मला वाटलं देवी वेळ घेणार. पण उजवी पाकळी लगेच सुटली, अलगद घसरली आणि खालच्या तांदळांवर येऊन पडली. सगळ्यांच्या माना हळूहळू मागे, खांबाकडे वळल्या.

ताईने खांब सोडला. पदराने तोंडावरून एकदा हात फिरवला, नवऱ्याकडे नखशिखान्त बघितलं, आणि भर देवळात, देवीच्या आणि टोपल्यांतल्या कालवांच्या साक्षीने, तिच्या तोंडून निघून गेलं,

"अगो बाय! म्हंजे नुसते पैसेच?"